परोपकारी दिवा

पुण्याचा हिवाळा थंडीने सुरू होतो, असा जो समज वेधशाळेने आणि स्वेटरांच्या व्यापाऱ्यांनी संगनमताने रूढ केला आहे, तो सायकलवर बसणाऱ्या मनुष्यास मान्य होणे कठीण आहे. कारण त्याच्या लेखी हिवाळा काळोखाने सुरू होतो. दिवाळीच्या पणत्या आवरून माळ्यावर जातात न जातात तोच सूर्य सहाच्या सुमारास आपले दप्तर बांधू लागतो, आणि पौष उजाडला की सकाळी सात वाजून गेल्याखेरीज तो कामावर हजर होत नाही. मोटारीतून हिंडणाऱ्यास या फेरफाराची वार्ताही नसते, पायी चालणारा आपल्या पायांच्या अनुभवावर विसंबून असतो. परंतु सायकलस्वार, जो ना धड वाहनात बसलेला असतो ना धड जमिनीवर उभा असतो, त्याला मात्र या दिवसांत एकाएकी आठवण होते की आपल्या सायकलीस दिवा असावयास हवा होता.

हा दिवा कुणाकरिता असतो, असा प्रश्न कुणी विचारल्यास सामान्य मनुष्य प्रश्नकर्त्याकडे कीव केल्यासारखे पाहील आणि 'सायकलवाल्याकरिता, आणखी कुणाकरिता?' असे उत्तर देऊन मोकळा होईल. परंतु या विषयाचा साक्षेपाने विचार करणारास असे आढळून येईल, की सायकलीच्या दिव्याचा समग्र इतिहास हा निखळ परोपकाराचा इतिहास आहे. तेल सायकलस्वाराचे, घाम सायकलस्वाराचा, पैसा तर निर्विवादपणे सायकलस्वाराचा. उजेड मात्र प्रत्येक युगात दुसऱ्याच कुणाच्या तरी सोयीसाठी पाडला गेला.

पहिले युग रॉकेलच्या दिव्याचे. निकेलचा मुलामा दिलेली एक लहानशी पेटी, पुढे फुगीर भिंग, एका कुशीस तांबडी आणि दुसऱ्या कुशीस हिरवी अशा दोन चिमुकल्या काचा, आत वात, माथ्यावर धुराडे आणि मागे हँडलाखालच्या पट्टीत अडकवावयाचा स्प्रिंगदार आकडा, असे त्याचे रूप मोठे लोभस होते. त्याच्या प्रकाशात रस्ता दिसत असे असा पुरावा उपलब्ध नाही. दिवा पेटलेला आहे एवढेच काय ते दिसे. पण तेवढेच अभिप्रेत होते, कारण तो दिवा रस्त्यासाठी नव्हताच. तो चौकात झाडाच्या सावलीत उभ्या असलेल्या हवालदारासाठी होता. बिनदिव्याच्या स्वारास अडवावे, दंड करावा, आणि दंड देण्याइतपत ऐवज त्याच्यापाशी न निघाल्यास जामिनादाखल चाकांतील हवा जप्त करावी, ही त्या काळची न्यायव्यवस्था. तिच्यासमोर मांडावयाची कैफियतही ठरलेली असे: 'हवालदारसाहेब, आत्ताच विझला हो, वाटल्यास हात लावून पाहा, अजून गरम आहे!' ही कैफियत एवढ्या वेळा मंजूर झाली, की दूरदर्शी गृहस्थ घरून निघतानाच दिवा चांगला तापेपर्यंत पेटवून ठेवीत आणि उंबऱ्याबाहेर पडताना फुंकर मारीत. त्यायोगे तेलही वाचे आणि पुरावाही शाबूत राही. काटकसर आणि कायदा यांचा इतका सुरेख मेळ पुण्याबाहेर अन्यत्र कुठे साधला गेला असेल, असे मला वाटत नाही.

त्याच युगातला पुढचा दिवा कार्बाइडचा. खालच्या डबीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या डबीत पाणी, आणि पाणी थेंबाथेंबाने खड्यांवर पडू लागले की अॅसिटिलीन वायू निघून तो भिंगामागे पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळे. जत्रेतल्या रेवड्या आणि बत्तासे ज्या दिव्यांच्या उजेडात विकले जात तेच हे दिवे, आणि आंबे बळेच पिकविण्यासाठी पुढे बदनाम झालेले खडेही हेच. उजेड उत्तम, पण पाण्याची कळ किंचित अधिक फिरली की ज्योत हातभर उसळे, किंचित कमी फिरली की प्राण सोडी, आणि दोहोंच्या मधल्या स्थितीत तिचा दर्प सायकलस्वाराच्या आधी मुक्कामाला पोहोचे. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे जे संग्रहालय आहे, तेथे हिंडताना माणसाच्या ध्यानात येते, की आपल्या पूर्वजांनी अंधाराशी झगडताना धातू, काच आणि कल्पकता यांची कमतरता कधी पडू दिली नव्हती. कमतरता होती ती केवळ प्रकाशाची.

मग डायनॅमो आला, आणि सायकलस्वार स्वतःच वीजमंडळ झाला. बाटलीच्या आकाराचे हे यंत्र चाकाशेजारी चिमट्याला बसवलेले असते, कळ दाबली की त्याचा दातेरी रूळ टायरच्या कुशीला टेकतो, आतले लोहचुंबक गरगरू लागते, आणि भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यांत सहा व्होल्टांची, तीन वॉटची वीज उत्पन्न होते, पैकी 2.4 वॉट पुढच्या दिव्याच्या वाट्याला आणि उरलेले 0.6 मागच्या तांबड्या दिव्याच्या. ही वाटणी कागदावर न्याय्य आहे. पण मागच्या दिव्याने देह ठेवला की त्याचा हिस्सा पुढच्याच्या अंगावर येतो आणि त्या अनपेक्षित वारशाच्या भाराने तोही उतारावर जळून खाक होतो. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की वीज वेगावर अवलंबून असल्यामुळे मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर, जिथे दिव्याची फारशी गरज नाही, तिथे उजेडाचा पूर लोटतो. आणि पुढे खड्डा आहेसे वाटून वेग कमी करावा, तर दिवा मंदावून नेमका तो खड्डाच दिसेनासा होतो. खड्डा पाहावयाचा असेल तर त्याच्या दिशेने जोराने गेले पाहिजे, ही डायनॅमोची अट पाळण्याइतके शौर्य माझ्यापाशी तरी नव्हते.

आणि तरीसुद्धा लग्नात जावयाला सायकल देताना ती डायनॅमोसह द्यावी, असा सासरेमंडळींचा आग्रह एकेकाळी असे. तो डायनॅमो पुढे कितींदा लावला जाई हा भाग अलाहिदा. कारण रूळ टायरला टेकताक्षणी पायडल जड होते आणि सायकल घुर्र घुर्र असा नाराजीचा सूर धरते. तेव्हा या दुसऱ्या युगातला दिवा हवालदाराकरिता नव्हता, तो सासऱ्याच्या प्रतिष्ठेकरिता होता. ज्यांना खरोखरच रात्री-अपरात्री जावयाचे असे, ते हँडलला जुन्या ट्यूबच्या पट्टीने विजेरी बांधून जात, आणि पट्टी सैल झाली की डाव्या हातात धरीत.

आमच्या घरची सायकल याच दुसऱ्या युगातली. मद्रासजवळच्या अंबत्तूर येथील कारखान्यात जन्मलेली, काळी, उंच, सळ्यांच्या ब्रेकची ही हर्क्युलिस माझ्या वडिलांनी विकत घेतली. तिच्यावरून त्यांनी आपली सगळी नोकरी निभावली, आणि सेवानिवृत्त होताना ती माझ्या हवाली केली. पहाटे साडेपाचाच्या सुमारास कालव्याच्या कडेने पर्वतीच्या पायथ्याशी जावे आणि परतताना मंडईतून कोथिंबीर-मिरची आणावी, हा माझा परिपाठ. कालव्याच्या त्या वाटेवरील विजेचे खांब उभे आहेत. त्यांच्याकडून उभे राहण्यापलीकडे काही अपेक्षा करण्याचे आम्ही रहिवाशांनी बरेच दिवसांपासून सोडून दिले आहे. सबब यंदाच्या मार्गशीर्षात मी सायकलीच्या दिव्याचे आधुनिकीकरण करण्याचा संकल्प सोडला.

पुण्यात संकल्प उच्चारला रे उच्चारला, की सल्ल्यांची आवक सुरू होते. शेजारचे नाना, ज्यांनी आयुष्यभर हिशेबखात्यात काम केले, त्यांनी विषयाच्या मुळाशीच हात घातला. "अहो, दिवा हवा कशाला? उजाडल्यावर जात चला, म्हणजे दिव्याचा खर्चच निघत नाही." सौभाग्यवतींचे मत वेगळे पडले. "अहो, पुढे लावाल तो लावा, पण मागे चांगला भगभगीत तांबडा लावून घ्या. तुम्हांला दिसलं नाही तरी चालेल, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसला पाहिजेत." या एका वाक्यात तिने तिसऱ्या युगाची घोषणा केली, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आले नाही. दिवा हवालदाराकरिता नव्हे, सासऱ्याकरिता नव्हे. आता तो त्या मोटारवाल्याकरिता, ज्याचे एक बोट सुकाणूवर आणि नऊ बोटे मोबाइलवर असतात. त्याने क्षणभर मान वर करावी, एवढ्यासाठी आपण दीपाराधना करावयाची!

बाजारात चौकशी करता एल.ई.डी. दिव्यांचे नानाविध नमुने पुढे मांडले गेले. त्यांतल्या एका खोक्यावर दहा हजार ल्युमेन असा आकडा ठळक अक्षरांत छापला होता. मोटारीच्या हॅलोजन दिव्यातून हजार-दीड हजार ल्युमेन प्रकाश निघतो, हे ठाऊक असल्यामुळे, अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका लिथियम सेलवर मोटारीच्या सात ते दहा दिव्यांचा उजेड पाडणारे ते खोके मी आदरपूर्वक परत ठेवले. शिवाय तो दिवा रोज रात्री चार्जिंगला लावावा लागणार होता. आणि आमच्या घरात मोबाइल, घड्याळ आणि दाढीचे यंत्र यांनी प्लगांवर आधीच वहिवाट सांगितलेली असल्यामुळे सायकलीचा नंबर मध्यरात्रीनंतर लागला असता. त्या दिव्यास उघडझाप करण्याचीही सोय होती. जर्मनीत सायकलीच्या दिव्याने अशी उघडझाप करणे कायद्यास मंजूर नाही. तेथे पुढच्या दिव्याने दहा मीटरांवर किमान दहा लक्स उजेड पाडलाच पाहिजे, आणि झोताची वरची कड कापलेली असावी, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल, समोरच्याच्या डोळ्यांत नव्हे, असा दंडक आहे. इतकेच काय, डायनॅमोऐवजी बॅटरीचा दिवा वापरण्यास सरसकट मुभाही त्या देशाने दिली ती 2013 साली. जर्मन मनुष्य किती उजेड निघतो यापेक्षा तो कुठे पडतो याची चौकशी करतो. आपल्याकडे उजेड पडला एवढ्यावरच आपण समाधानी असतो. तो कुणाच्या डोळ्यांत पडला, हा त्या डोळ्यांचा प्रश्न.

या प्रसंगी माझा भाचा, जो अभियंता आहे आणि म्हणून सुटीच्या दिवशी रिकामा असतो, त्याने प्रकरण आपल्या हाती घेतले. डायनॅमो हाताने फिरवून आणि मीटरचा काटा न्याहाळून तो म्हणाला, "मामा, तुझा हा डायनॅमो अजून ठणठणीत आहे. बिचाऱ्याची वीज बल्ब तापवण्यातच खर्च होत होती. बल्ब काढून एल.ई.डी. बसवू." मग आम्ही तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे विजेच्या यच्चयावत चिजवस्तूंचे आगर. तेथे कंदिलाइतक्या दिव्यापासून तिळाइतक्या दिव्यापर्यंत सर्व काही मिळते, आणि दुकानदार माल देण्यापूर्वी तो कशाला हवा आहे ते विचारून, तुमचा विचार कसा चुकीचा आहे हे मोफत सांगतो. चार डायोड, एक फॅराडचा एक गुबगुबीत कपॅसिटर, एक पांढरा एल.ई.डी., एक तांबडा, आणि साबणाच्या पुडीएवढ्या कागदात गुंडाळलेले भिंग, एवढा ऐवज घेऊन आम्ही परतलो. परतीच्या वाटेवर भाच्याने सांगितले, की तांबडा एल.ई.डी. 1962 सालीच तयार झाला होता. पण पांढऱ्यासाठी निळा हवा, कारण निळ्या उजेडावर पिवळ्या फॉस्फरचा लेप चढवल्यानेच पांढरा उजेड होतो, आणि तो निळा काही केल्या साधेना. अखेर जपानात अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो साधला, आणि 2014 साली त्या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे सायकलच्या मागच्या दिव्याची तरतूद विज्ञानाने माझ्या बालपणीच करून ठेवली होती. पुढच्या दिव्यासाठी मात्र स्टॉकहोमपर्यंत मजल मारावी लागली. मागून येणाऱ्यांची सोय आधी आणि स्वाराची नंतर, हा क्रम निसर्गनियमांतसुद्धा पाळला गेलेला पाहून मला विशेष नवल वाटले नाही.

बसवण्याचे काम पेठेतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी डायनॅमो सरळ करून घेतला. रुळाचा आस चाकाच्या बरोबर मध्याकडे रोखलेला असला पाहिजे, नाहीतर तो टायर खात सुटतो, हे सांगून त्यांनी छर्ऱ्यांच्या कपापासून रुळापर्यंत सुतळी ताणली, एक डोळा मिटला, पाना अर्धा फेरा फिरवला, पुन्हा सुतळी ताणली. आणि हा विधी त्यांच्या मनासारखा होईपर्यंत दुकानातली इतर पंक्चरे तहकूब राहिली. मग तारांचा प्रश्न निघाला. जुन्या पद्धतीत डायनॅमोतून एकच तार निघते आणि वीज परत येते ती सायकलीच्या सांगाड्यातून. त्यासाठी पकडीतला टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडात रुतलेला असावा लागतो. मिस्त्रींनी सवयीने स्क्रू आवळायला घेतला, तोच भाचा मध्ये पडला. चार डायोडांचा पूल बसवल्यावर सांगाड्याला दोन्हीकडून हात लावता येत नाही, दोन स्वतंत्र ताराच हव्यात, हे त्याने समजावून सांगितले. मिस्त्रींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हणजे इतकी वर्षं वीज वाहून नेली ती या लोखंडाने, आणि आता त्यालाच निरोप?" यावर अभियांत्रिकीपाशी उत्तर नव्हते. दोन तारा ओढल्या गेल्या, जुन्या क्रोमच्या हंडीत नवा दिवा आणि भिंग बसले, कपॅसिटर सीटखाली दडवला, आणि मागच्या मडगार्डवरच्या पांढऱ्या पट्ट्यात तांबडा दिवा विराजमान झाला. मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिले. भिंतीवर उजेडाचा लांबट पट्टा पडला, आणि चाक थांबल्यावरही कपॅसिटरात साठलेल्या विजेवर तो मंदपणे तेवत राहिला. "दिवा झकास झाला साहेब," ते म्हणाले, "आता त्याला शोभेलशी सायकल बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या उजेडात प्रस्थान ठेवले. पायडल पूर्वीसारखेच जड होते, घुर्रही तीच होती; पण उजेड असा पडला की कालव्याची वाट प्रथमच मला तपशीलवार दिसली. त्यामुळे सुख वाढले असे मात्र म्हणवत नाही. पूर्वी खड्ड्याची ओळख झाल्यानंतर भय वाटे. आता ओळख होण्यापूर्वीच, वीस पावले आधीपासून, वाटू लागले. रस्त्यावरच्या इतर जनांच्या वर्तनात मात्र आमूलाग्र पालट झाला. समोरून येणारे स्कूटरवाले, जे आजवर माझ्या अस्तित्वाची दखल घेणे आपल्या शानीस कमीपणाचे मानीत, ते अदबीने कडेला सरू लागले, कारण तो दिवा पाहून मागे मोटारसायकल असावी असे त्यांना वाटे. जवळ येऊन खरा प्रकार उघड झाला, की त्यांच्या मुद्रेवर फसवणूक झाल्याचा संताप उमटे. एक जण तर थांबून म्हणाला, "काका, सायकल होय? आधी सांगायचं नाही का!" हातात माहितीचा फलक घेऊन सायकल चालवण्याची तजवीज अद्याप झालेली नसल्यामुळे मी त्याला केवळ नमस्कार केला.

खरा गुंता पुढेच झाला. त्या वाटेने पहाटे फिरावयास जाणाऱ्या वृद्धांचे एक मंडळ आहे. मी बाजूने जाताच त्यांच्यापुढची वाट क्षणभर उजळे आणि पुन्हा काळोख होई. तो क्षणभराचा उजेड त्यांना आवडला. प्रथम त्यांनी 'जरा बेताने चला' अशी विनंती केली, मग 'आमच्या पुढेच राहा' अशी सूचना केली, आणि पौष लागेपर्यंत त्यांचे फिरणे आणि माझे सायकल चालवणे यांचा वेग एकच झाला. अशा वेगात डायनॅमो काय देणार? पण कपॅसिटर होता. वाटेतल्या मोरीपाशी पोहोचले की मंडळ दम खाण्यासाठी थांबे, मीही थांबे, आणि साठवलेल्या विजेवर ती मोरी काही मिनिटे उजळून निघे.

अशाच एका पहाटे, आम्ही सारे मोरीपाशी उभे असताना, गळ्यात मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ हातात वही घेऊन आले, इकडेतिकडे पाहिले, काहीतरी टिपून घेतले आणि निघून गेले. पुढे यथावकाश आमच्या वसाहतीच्या जुन्या अर्जास संबंधित कचेरीचे उत्तर प्राप्त झाले. त्यातील मजकूर असा होता, की अर्जात नमूद केलेल्या ठिकाणी समक्ष पाहणी केली असता पहाटेच्या समयी पुरेसा प्रकाश आढळून आला, सबब खांबांवरील दिव्यांच्या दुरुस्तीबाबतची तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

हवालदार झाला, सासरा झाला, मोटारवाला झाला. आता माझ्या दिव्याचे पुण्य सरकारजमा होऊ लागले. त्याच सायंकाळी वसाहतीच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावण्यात आली. कचेरीकडे फेरतपासणीचा अर्ज करावा असे माझे म्हणणे होते. पण त्यास लागणारा कालावधी लक्षात घेता ते व्यवहार्य नाही, असे नानांनी हिशेबाने सिद्ध केले. अखेर, माझी सायकल ही सार्वजनिक दिवाबत्ती समजण्यात यावी, आणि थंडी, सर्दी अथवा पाहुणे यांपैकी कोणत्याही सबबीवर मी पहाटेची फेरी चुकवू नये, असा ठराव एकमताने संमत झाला. ठरावाची एक प्रत मला अंमलबजावणीसाठी देण्यात आली, आणि दुसरी भाच्याकडे, मोरीपाशी उजेड थोडा अधिक वेळ टिकावा म्हणून आणखी एक फॅराड मंजूर करण्याच्या विनंतीसह, पुढील कार्यवाहीसाठी रवाना झाली.